थांबलेला स्वर

येशूचा मृत्यू म्हणजे मुळात रोमन सत्तेने दिलेला देहदंड. क्रूस हे गुलामांना आणि बंडखोरांना मारण्याचे साधन होते. मरायला वेळ लागावा आणि तो वेळ येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांत भरावा, हीच त्यामागची योजना. या प्रसंगाभोवती युरोपात जे संगीत रचले गेले ते मात्र ऐकणाऱ्याला सुखावते. पेर्गोलेसी घ्या, हायडन घ्या, द्वोर्झाक घ्या, या सगळ्यांच्या वरचा बाख घ्या. कान तृप्त होतात, आणि अडचण सुरू होते ती तिथेच. हातापायांत खिळे ठोकलेल्या माणसाची कथा ऐकताना आपल्याला बरे वाटत असेल, तर त्या बरे वाटण्याचे करायचे काय? ही शंका आजच्या कुणा निरीश्वरवाद्याने काढलेली नाही. चौथे शतक संपत असताना संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात कबुली दिली आहे, की गायल्या जाणाऱ्या आशयापेक्षा गाण्यानेच आपण जास्त हेलावलो तर ते आपण पाप समजतो. तरीही चर्चमधले गाणे बंद करा असे म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. झुरिकच्या त्स्विंगली या धर्मसुधारकाची रेटली. १५२० च्या दशकात तिथल्या उपासनेतून गाणेबजावणे हद्दपार झाले, आणि गंमत अशी की हा गृहस्थ स्वतः अनेक वाद्ये उत्तम वाजवीत असे.

शंका खरी आहे, पण ती बोट ठेवते ती जागा चुकते, असे मला वाटते. यातनेला सजवून गोड केले, असा आरोप करायचा तर या संगीतात यातना चितारलेली असायला हवी. प्रत्यक्षात या परंपरेतल्या श्रेष्ठ रचना यातनेला फारसा हातच लावत नाहीत. त्यांच्यातले सगळे माधुर्य यातनेच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येते: जो पळून गेला त्याच्या, जिने उभे राहून पाहिले तिच्या, आणि सतराशे वर्षांनी बाकावर बसून ऐकणाऱ्याच्या. त्या माणसाला तिथून हलू न देणे हे या संगीताचे काम आहे, आणि माधुर्य हे त्या कामाचे हत्यार.

बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'वर हे तपासून पाहू. 'पॅशन' म्हणजे इथे दुःखसहन. मराठी ख्रिस्ती मंडळींचा हाच शब्द आहे. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये, ११ एप्रिल १७२७ च्या गुड फ्रायडेला, दुपारच्या उपासनेत ते पहिल्यांदा झाले असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. १७३६ मध्ये बाखने त्याची सुधारित आवृत्ती केली. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, अडीच-पावणेतीन तासांचा ऐवज आणि मध्यभागी प्रवचन. मत्तयच्या शुभवर्तमानाचे २६ आणि २७ हे दोन अध्याय, ल्यूथरच्या जर्मन भाषांतरातले, एक निवेदक गातो. कीर्तनकाराने आख्यान लावावे तसेच हे, फक्त या निवेदकाला पदरचे काही घालायची मुभा नाही. पदरचे जे आहे ते आरियांमध्ये, म्हणजे एकल गायनात. त्यांचे शब्द पिकांडर या टोपणनावाने लिहिणाऱ्या, टपालखात्यात नोकरी करणाऱ्या कवीचे. तिसरा थर कोरालचा: चर्चला येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असलेली पदे. (दुःखसहनाची कथा लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या छंदात सांगावी असे जर्मनांनाच वाटले होते असे नाही. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ मध्ये, लाइपझिगच्या त्या शुक्रवारच्या १११ वर्षे आधी छापले गेले, आणि त्यात हीच कथा मराठी ओवीत आली आहे.)

आता या तीन थरांत यातना नेमकी कुठे आहे ते शोधू गेले तर हाती फार थोडे लागते. क्रूसावर खिळणे हे शुभवर्तमानात मुख्य क्रियापदसुद्धा नाही. खिळल्यावर शिपायांनी कपडे वाटून घेतले, अशी ती वाक्यरचना. मारणे धातुसाधितात गेले आणि कपडे वाटणे क्रियापदात राहिले. बाखला हवे असते तर इथे थांबून वाद्यवृंदाकडून हातोडे वाजवून घेता आले असते. तो थांबत नाही, निवेदक पुढे जातो. फटक्यांचे मात्र तसे नाही, हे मान्य करायला हवे. रोमन सुभेदार पिलात येशूला फटके मारवून खिळण्यासाठी सोपवतो, हे वाक्य संपताच तंतुवाद्यांवर तुटक, हिसके देणारी लय सुरू होते आणि तिच्यात आसूड ऐकू येतो. पण त्या आसुडावर ज्या ओळी गायल्या जातात त्या मार खाणाऱ्याच्या नाहीत. बाजूला उभे राहून कुणीतरी मारेकऱ्यांना थांबा म्हणून विनवते आहे. आसूड ऐकवायचा, पण ज्याला तो थांबवता आला नाही त्याच्या कानाने ऐकवायचा, असा हा हिशेब आहे.

पेत्राच्या प्रसंगात हा हिशेब सर्वांत उघड होतो. वाड्याच्या अंगणात तीनदा हटकल्यावर येशूचा शिष्य पेत्र तीनदा सांगतो की मी या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवतो, आणि तो बाहेर जाऊन रडतो. निवेदक या रडण्यावर आपली शिस्त मोडतो आणि शब्द लांबवत, वळसे घेत नेतो. मग एकटे व्हायोलिन सुरू होते. बी मायनरमध्ये, बारा मात्रांच्या झुलत्या लयीत. ही लय मुळात धनगरी वळणाच्या नाचाची, सिचिलियानोची. या लयीवर दयेची याचना गायली जाते, आणि ती गाते अल्टो, म्हणजे उंच आवाजांतला खालचा आवाज. पेत्राचा आवाज तर बासचा, पुरुषी खर्जाचा. म्हणजे रडला पेत्र, आणि गातो आहे दुसराच कुणी. ज्याने त्या रात्री कुणालाही नाकारले नव्हते, ज्याचा त्या अंगणाशी काही संबंध नव्हता, त्याने पेत्राचे रडणे आपल्या अंगावर घेतले आहे. पॅशनमधली ही सर्वांत सुंदर जागा असे पुष्कळ लोक म्हणतात. सौंदर्य यातनेवर खर्च झाले असेल तर ते इथे झालेले नाही; ते झाले आहे शरमेवर.

याच्याही आधी, शेवटच्या भोजनाच्या प्रसंगी, बाखने याहून कठोर काम केलेले आहे. तुमच्यातला एक जण मला धरून देईल असे येशू सांगतो, आणि शिष्य गडबडून विचारू लागतात की तो मी तर नाही ना. गायकवृंदातल्या या हाका मोजणाऱ्यांनी मोजल्या आहेत. त्या अकरा भरतात. बारावा, यहूदा, गप्प आहे. शुभवर्तमानात यानंतर येशूचे उत्तर येते. बाख ते उत्तर येऊ देत नाही. मध्येच तो एक कोराल घालतो, चर्चमधल्या प्रत्येकाला ठाऊक असलेल्या चालीचा, आणि त्यात गाणारा सरळ सांगतो की तो मीच. प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे गळे तेच आहेत. पुढे येशूऐवजी बरब्बा या कैद्याला सोडा म्हणून एका कर्कश स्वरसंघावर ओरडणारा जमावही हेच लोक गातात, आणि त्यानंतरचे हळहळणारे कोरालही हेच. लाइपझिगच्या त्या मुलग्यांना आणि पुरुषांना बाखने एका दुपारी खुनी, भेकड आणि भाविक असे तिन्ही व्हायला लावले, आणि तेही पोशाख न बदलता.

मराठी वाचकाला इथे रसचर्चा आठवेल, आणि आठवावीच. शोकातून आनंद कसा निर्माण होतो हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. साहित्यदर्पणकार विश्वनाथ म्हणतो की करुण रस दुःखदच असता तर त्याच्याकडे कुणी वळलेच नसते; सहृदयाचा अनुभव हाच पुरावा. शोक कुणा एकाचा न राहता साधारण होतो, प्रेक्षकाचा स्वतःचा स्वार्थ गळून पडतो, आणि म्हणून तो आस्वाद घेऊ शकतो, असा या विचाराचा गाभा. न. चिं. केळकरांची सविकल्प समाधी याच वाटेवरची: पात्राशी एकरूप व्हायचे, पण आपण आपण आहोत हे भानही ठेवायचे. या चौकटीत बाख बसवून टाकला तर प्रश्न आपोआप मिटतो: करुण रस, आनंद स्वाभाविक, गैर काही नाही. मला ही सोडवणूक पुरेशी वाटत नाही. रसिकाला आस्वाद घेता येतो तो घडणाऱ्या गोष्टीशी त्याचे देणेघेणे नसते म्हणून. सीतेच्या त्यागाला प्रेक्षक जबाबदार नसतो. 'मॅथ्यू पॅशन'मध्ये नेमकी हीच सूट काढून घेतलेली आहे. शोक साधारण होत असतानाच अपराध मात्र व्यक्तिगत होत जातो, आणि ऐकणाऱ्याचा गळून पडलेला 'मी' कोरालच्या पहिल्या शब्दाला परत उचलून त्याच्या हातात दिला जातो. आनंद होतो, हे खरे. पण तो निर्धास्तपणे घेता येत नाही, आणि माझ्या मते ऑगस्टीनला जी शुद्ध, आशयापासून सुटलेली श्रवणसुखाची भीती होती तिला बाखचे उत्तर हेच आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सगळे शब्दांचे कर्तृत्व झाले. संगीत तेच गोडच्या गोड राहिले. शिवाय ज्या चालीवर बाखने हे पॅशन तोलले आहे, पाच वेळा परत परत आणलेली ती प्रसिद्ध कोरालची चाल, ती हान्स लिओ हास्लरच्या १६०१ मधल्या एका प्रेमगीताची आहे. सिनेमाच्या चालीवरची आरती ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. चालीत पावित्र्य नसते हे कबूल. मग संगीतात काय असते? इथे पेर्गोलेसीकडे जायला हवे. 'स्टाबात मातेर' हे तेराव्या शतकातले लॅटिन स्तोत्र, क्रूसापाशी उभ्या असलेल्या येशूच्या आईचे, मरियेचे. ट्रेंटच्या धर्मसभेने ते उपासनेतून काढले होते; पोप बेनेडिक्ट तेरावा याने ते परत आणले ते नेमके १७२७ मध्ये. नऊ वर्षांनी, नेपल्सजवळ पोत्झुओलीच्या एका मठात, क्षयाने मरत असलेल्या सव्वीस वर्षांच्या पेर्गोलेसीने ते दोन आवाजांसाठी आणि तंतुवाद्यांसाठी बांधले. बोलोन्याच्या पाद्रे मार्तिनीने नंतर तक्रार केली की ही शैली तर याच माणसाच्या विनोदी संगीतिकेची आहे. तक्रार अगदीच खोटी नाही. मधल्या काही जागा खरोखरच नाटकी उड्या मारतात. पण पहिली दोन मिनिटे नीट ऐकावीत. खाली बासचे स्वर सावकाश चालत राहतात. वर एक आवाज एका स्वरावर येऊन थांबतो. दुसरा आवाज त्याच्या अगदी लगतच्या स्वरावर येतो, आणि दोघे एकमेकांना घासतात. आपल्या संगीतात व्यथा एकाच स्वरात, त्याच्या आंदोलनात, मिंडेत सापडते. इथे व्यथा एका स्वरात नाही; दोन्ही स्वर सुटे सुटे निर्दोष आहेत. दुखते ते एकाने जागा न सोडल्यामुळे. आजूबाजूचे सगळे पुढे गेले आहे, हा मात्र आधीच्या क्षणातच उभा आहे. मग नाइलाजाने एक पायरी उतरतो, आणि तोवर दुसऱ्याची थांबण्याची पाळी आलेली असते.

'स्टाबात' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'उभी होती' असा आहे. या स्तोत्रातली आई मुलाला सोडवू शकत नाही, पाणी पाजू शकत नाही. क्रियापद म्हणून तिच्यापाशी फक्त उभे राहणे आहे. युरोपच्या स्वरलेखनाने त्या क्रियापदाला थांबलेल्या स्वराचे रूप सापडवून दिले, आणि हे शब्दांवाचूनही ऐकू येते. हायडनने १७८०च्या दशकात स्पेनच्या कादिझ शहरासाठी येशूच्या सात अखेरच्या उद्गारांवर रचना केली ती तर मुळात नुसती वाद्यांची होती. भिंती-खिडक्या काळ्या कापडाने झाकलेल्या, एकच दिवा, आणि दर उद्गारानंतर सुमारे दहा मिनिटांचा विलंबित तुकडा, असे सात. ऐकणाऱ्याला न थकवता हे करणे सोपे नव्हते, असे हायडनने स्वतःच पुढे लिहिले. हे थकवणेच तिथे पणाला लागले होते: शेजारी थांबायचे म्हटले तर किती वेळ थांबता येते? बाखनेही १७४० च्या दशकात पेर्गोलेसीची ही रचना घेऊन तिच्यावर नवे जर्मन शब्द बसवले. कुठले? एक्कावन्नाव्या स्तोत्राचे, म्हणजे पापाच्या कबुलीचे. आईच्या दुःखाचे संगीत त्याने सरळ अपराध्याच्या तोंडी दिले, आणि एका स्वरालाही परके वाटले नाही.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो संगीताच्या गोडीशी निगडित नाही. या माणसाचे रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलाबाळांवर असो, असे पिलातासमोरचा जमाव म्हणतो, अशी नोंद मत्तयने केली आहे, आणि त्या एका वाक्याच्या आधारे ज्यू समाजाला शतकानुशतके खुनी ठरवले गेले. पवित्र सप्ताहात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. कॅथलिक चर्चने हा सामुदायिक दोषारोप अधिकृतपणे नाकारला तो १९६५ मध्ये. बाखने ते वाक्य दोन्ही वृंदांना देऊन मोठ्या जोमाने बांधले आहे. 'तो मीच' म्हणणारा कोराल त्याला छेद देतो, दोष आपल्या दारात आणून ठेवतो, असे बाखच्या बाजूने सांगितले जाते, आणि वर मी जे मांडले त्याचा ओघही तिकडेच जातो. पण इतक्यावर सुटका करून घेऊ नये. छेद देणाऱ्या कोरालसकट हे पॅशन ऐकून बाहेर पडलेले लोक ज्यूंशी अधिक माणुसकीने वागले असा काही पुरावा नाही. १८२९ मध्ये बर्लिनला विसाव्या वर्षी हे विसरलेले पॅशन पुन्हा उभे करणारा फेलिक्स मेंडेल्सोन ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोनचा नातू होता, लहानपणी बाप्तिस्मा झालेला. त्याच्याच हाताखाली तो जमावही गायला. रचना ऐकणाऱ्याला साक्षीला उभे करू शकते. साक्ष खरी द्यायची की शेजाऱ्याकडे बोट दाखवायचे, हे तिच्या हातात उरत नाही. माझ्या प्रतिपादनाची ही मर्यादा आहे आणि ती मी तशीच ठेवतो.

उलट टोकाचा आक्षेप हलका आहे: श्रद्धा नसलेल्यांनाही हे संगीत हलवते, मग त्यातला धर्म केवळ निमित्त ठरत नाही का? नीत्शेने १८७० मध्ये एका आठवड्यात तीनदा 'मॅथ्यू पॅशन' ऐकले आणि मित्राला कळवले की जो ख्रिस्ती धर्म पुरता विसरला आहे त्यालाही तो इथे शुभवर्तमानासारखा ऐकू येतो. ख्रिस्ती धर्मावर पुढे तुटून पडलेल्या माणसाची ही साक्ष आहे. निमित्त काढून टाका आणि नुसते संगीत ठेवा, हे त्यालाही जमले नव्हते असे दिसते. द्वोर्झाकने 'स्टाबात मातेर' रचायला घेतले ते तान्ही मुलगी गेल्यानंतर, आणि बाजूला ठेवलेले ते काम १८७७ मध्ये पुरे केले ते उरलेली दोन्ही मुले काही आठवड्यांच्या अंतराने गेल्यावर. त्याला स्वतःच्या दुःखाचे गाणे करता आले असते. त्याने सहाशे वर्षांपूर्वीची, दुसऱ्याच कुणाच्या मुलाशेजारी उभी असलेली आई घेतली. स्वतःचे दुःख कुठे उभे करायचे याला जागा लागते, आणि ती जागा आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते. विश्वास असो वा नसो, ऐकणारा तिथेच येऊन उभा राहतो.

बाखच्या रचनेत येशू बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांभोवती तंतुवाद्यांचे लांब, शांत स्वर असतात; चित्रांतल्या संतांमागे तेजोवलय असते, तसे. निवेदकाला ते नाही, पिलाताला नाही. शेवटी क्रूसावरून, देवाने आपल्याला का टाकले, असा प्रश्न येशू विचारतो आणि तेवढ्या एका वाक्याला ते वलय नसते. वाद्ये काढून घेतलेली असतात, आवाज उघडा पडतो. यातनेच्या सर्वांत जवळच्या क्षणी बाखने सौंदर्य वाढवले नाही. होते तेही उचलून घेतले. पुढे पुनरुत्थान नाही, ते रविवारचे. कबरीवर दगड लोटला जातो, आणि दोन्ही वृंद रडत खाली बसण्याचे, झोप म्हणण्याचे अंगाईसारखे गाणे गातात. अगदी शेवटच्या स्वरसंघात, बाकी सगळे सी मायनरवर पोचलेले असताना, बासऱ्या अर्ध्या स्वराने खाली, बीवर अडून राहतात. कानाला ते टोचते. क्षणभराने त्याही वर सरकतात. लाइपझिगला त्यानंतर टाळ्या नव्हत्या. गालुस या संगीतकाराचे एक जुने लॅटिन गीत झाले, प्रार्थना झाली, आशीर्वाद झाला, आणि देवाचे आभार मानणारे नेहमीचेच एक पद म्हणून लोक संध्याकाळी घरी गेले.